सायीला भोक कुणी पाडलं?

१

अन्न तपासणी प्रयोगशाळेत रोज सकाळी सगळ्यात आधी उघडायचं ते साहेबांचं तोंड. त्या सकाळी मात्र साहेब गप्प होते, आणि मजल्याच्या टोकाला असलेल्या स्वच्छतागृहाचं दार एकसारखं वाजत होतं.

जंतू विभाग सांभाळणाऱ्या, म्हणून सगळ्यांच्या जंतूमॅडम, जिना चढून वर आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. दारापासून पार वजनकाट्याच्या खोलीपर्यंत रांग लागली होती. दूध विभागातले दोघं, तेल विभागातली एक, मसाल्यांची भेसळ नुसत्या नजरेनं ओळखणारे ते ज्येष्ठ गृहस्थ, सगळे पोट धरून उभे. ज्येष्ठ गृहस्थ तर भिंतीला कपाळ टेकवून उभे होते.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"काय झालं म्हणून विचारताय!" तेल विभागातली कळवळून म्हणाली. "कालपासून... अहो, पुढे सरका ना कुणीतरी!"

आदल्या दिवशी प्रयोगशाळेचा वर्धापनदिन झाला होता. सभागृहात साहेबांचं भाषण आणि त्यानंतर जेवण. जेवणात चिकन होतं, भात होता, भाज्या होत्या आणि शेवटी मोठं पातेलंभर कस्टर्ड होतं. हे सगळं कँटीनच्या मावशींनी केलेलं. आता मावशी जगाच्या मावशी असल्या तरी जंतूमॅडमच्या सख्ख्या सासूबाई होत्या.

"मॅडम," भिंतीवरचं कपाळ न काढता ज्येष्ठ म्हणाले, "तुम्हाला काहीच झालेलं दिसत नाही."

"नाही. मी बरी आहे."

रांगेतली सगळी डोकी एकदम वळली. पोटात कळ असतानाही माणसाला संशय घ्यायला ताकद उरते, हे मॅडमना तेव्हा कळलं.

साहेब आपल्या खोलीत खुर्चीत रेलून बसले होते. चेहरा पांढराफटक. समोर क्षाराच्या पाण्याचा ग्लास. त्यांनी सवयीनं खिशातून टोचणी काढली. टोचणी म्हणजे पेनासारखा एक तापमापक, टोकाला लांब, जाड सुई आणि वर टोपण. पदार्थात खुपसला की आकडा दाखवतो. साहेब तो चहात खुपसत, डब्यात खुपसत, एकदा म्हणे पाहुण्यांच्या केकमध्येही खुपसला होता. कुणाला त्याचं काही वाटत नसे. रोज मरे त्याला कोण रडे, तसं रोज टोचे त्याला कोण बघे! ग्लासात टोचणी बुडवून साहेबांनी आकडा वाचला, सुई रुमालाला पुसली, टोपण लावलं आणि टोचणी परत खिशात गेली.

"मॅडम, ही बातमी बाहेर गेली तर काय होईल?" ते म्हणाले. "गावातली विषबाधा शोधणारी माणसं आपल्याच जेवणानं आडवी! लोक आपला अहवाल वाचून आधी हसतील आणि मग त्यात वडे बांधतील."

"साहेब, आधी कारण तरी..."

"कारण कँटीनमध्ये आहे. दुसरं कुठे असणार? जेवणाच्या आदल्या संध्याकाळी मी जातीनं तपासणी केली होती. चिकन तीन अंशांवर, कस्टर्ड चार अंशांवर, सगळं जिथल्या तिथे. म्हणजे जे झालं ते त्यानंतर, मावशींच्या हातून. सोमवारी समिती बसतेय. मावशींचं कँटीन काढून घ्यायचं आणि तसं फलकावर लावायचं, असं माझं मत मी आधीच कळवलंय."

मॅडमना सासूबाईंचा चेहरा आठवला. मावशींनी आयुष्यभर लोकांना जेवू घातलं होतं. फलकावर तसं लागलं तर उद्या शेजारीणसुद्धा त्यांच्या हातचा चहा घेणार नव्हती.

"तपास तुम्हीच करा," साहेब म्हणाले. "उभं राहू शकणारं दुसरं कोणी नाहीये. सासू आहे म्हणून हात आखडता घेऊ नका. आणि हो, सगळे आडवे झाले, एकट्या तुम्ही ठणठणीत. हेही समिती विचारणार आहे."

२

मॅडम ठणठणीत होत्या त्याचं कारण अगदी साधं होतं आणि तितकंच लाजिरवाणं. त्यांनी सासूबाईंचं कस्टर्ड कधीच खाल्लं नव्हतं.

लग्न नवं होतं तेव्हाची गोष्ट. सासूबाईंनी कौतुकानं वाटीभर कस्टर्ड सुनेपुढे ठेवलं. सूनबाई तेव्हा नोकरीत नवीन, अंगात उत्साह मावत नव्हता. तिनं चमचाभर कस्टर्ड बाटलीत घातलं आणि सरावासाठी म्हणून प्रयोगशाळेत नेलं. तपासणीत कस्टर्ड निर्दोष ठरलं. ही आनंदाची बातमी तिनं घरी येऊन मोठ्या तोंडानं सांगितली आणि तिथेच घात झाला. "माझं कस्टर्ड तुझ्या बाटलीत गेलं ना? आता तुझ्या तोंडात जायचं नाही," असं सासूबाईंनी जाहीर केलं. सुनेलाही हट्ट होता. दोघीही आपापल्या शब्दाला जागल्या. नवरा मधल्या मध्ये म्हणायचा, "मी यात पडत नाही," आणि दोघींच्या वाटणीचं कस्टर्ड एकटा खायचा.

कँटीनमध्ये मावशी पातेली पालथी घालून स्टुलावर बसल्या होत्या. ओट्यावर एक भांडं नाही, शेगडी गार. एरवी या वेळी त्यांचा आवाज जिन्यापर्यंत यायचा.

"आई, मला काही विचारायचंय."

"विचार."

"कस्टर्ड कधी केलंत?"

"आदल्या दुपारी. अंडी घालून चांगलं रटरटा शिजवलं, गार केलं, तुमच्या साहेबांच्या नियमाप्रमाणे तपासणीसाठी राखीव वाटी काढून बर्फाच्या कपाटात ठेवली. मग पातेल्यावर झाकण घालून फ्रिजच्या वरच्या फळीवर. चिकन खाली, वेगळ्या डब्यात, झाकण लावून. मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही. आणि दुसऱ्या दिवशी?"

"सकाळी बाहेर काढलं, फळं घातली, ढवळलं, सभागृहात नेऊन ठेवलं. साहेब म्हणाले होते, भाषण थोडक्यात आहे." मावशींनी नाक उडवलं. "थोडक्यात! मी दोनदा डुलकी काढून उठले तरी साहेब हात धुवायच्या तिसऱ्या पायरीवरच होते."

"ढवळण्याआधी काही वेगळं दिसलं का? वास, रंग?"

मावशींनी सुनेकडे असं पाहिलं की जणू सुनेनंच काही चोरलं होतं आणि त्या ते लपवत होत्या.

"काही नाही दिसलं," त्या म्हणाल्या.

"आई, तुम्ही काहीतरी लपवताय."

"लपवतेय तर लपवतेय. मी बोलले तर घर फुटेल. तू तुझं काम कर."

मॅडमचं काम म्हणजे आता एकच उरलं होतं आणि ते करताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पिशवीतून कापसाचे बोळे लावलेल्या काड्या काढल्या.

"आई, हात पुढे करा."

मावशींनी दोन्ही हात पुढे केले. सुरीच्या जुन्या खुणा, तव्याचे चटके, अंगठ्याला पडलेला घट्टा. मॅडम एकेका नखाखालून काडी फिरवत होत्या. मावशी खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"झालं का?" शेवटी त्यांनी विचारलं. "की जीभही दाखवू?"

३

साल्मोनेला हा जंतू मोठा संसारी. कच्च्या कोंबडीत राहतो, अंड्यात राहतो. नीट शिजवलं की मरतो. गारव्यात ठेवला की गप्प पडून राहतो आणि उबेला आणला की मुलाबाळांसह संसार मांडतो. त्याला पकडायचं म्हणजे पोलिसी खाक्या चालत नाही. आधी पोसायचा, मग बाकीच्या जंतूंना न सोसणाऱ्या रसात टाकायचा, मग लाल प्लेटवर पसरून उबेला ठेवायचा. चोर असला तर लाल प्लेटवर काळ्या डोळ्यांचे ठिपके येतात आणि तुमच्याकडे टकमक बघतात.

मॅडमनी सगळं उबेला ठेवलं. पातेल्याच्या तळाला उरलेलं कस्टर्ड, राखीव वाटी, मावशींचे हात, फळं कापायचा पाट, डाव, उरलेली अंडी, आणि बर्फाच्या कपाटात शिल्लक असलेलं त्याच खेपेचं कच्चं चिकन. प्लेटा उबेत बसल्या आणि मॅडम माणसांकडे वळल्या.

आजारी न पडलेलं आणखी एक माणूस निघालं. ते म्हणजे हिशेबनीस. यांच्या मेहुण्याचा जेवणं पुरवण्याचा धंदा होता आणि कँटीन मेहुण्याला मिळावं म्हणून यांनी साहेबांच्या खोलीचे उंबरठे झिजवले होते. शिवाय कँटीनची दुसरी किल्ली यांच्याच खुर्चीमागच्या खिळ्याला टांगलेली असे.

"तुम्ही कस्टर्ड खाल्लं नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"नाही." हिशेबनिसांनी कानामागची पेन्सिल काढली, तासली, परत कानामागे खोचली.

"का?"

"इच्छा नव्हती."

"तुम्ही? गेल्या वर्षी तुम्ही पातेलं तिरपं करून घेतलं होतंत. सगळ्यांनी पाहिलंय."

"मॅडम, तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

"मेहुणा तुमचा, किल्ली तुमच्या मागे आणि पोट तुमचं शाबूत. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

हिशेबनिसांचा चेहरा उतरला. त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज अगदी खाली आणला. "कुणाला सांगणार नाही ना? घरी मी मांसाहार सोडलाय. बायकोनं सगळ्या नातेवाइकांत सांगितलंय. पण त्या दिवशी ते चिकन बघितलं आणि... मॅडम, मी इतकं खाल्लं की कस्टर्डला जागाच उरली नाही. ताट पुसून खाल्लं हो! माणूस आहे मी."

मॅडमना हसू आवरेना. पण हसता हसता डोक्यात एक खिट्टी बसली. ज्यानं सगळ्यात जास्त चिकन खाल्लं त्याला काही झालं नाही. म्हणजे शिजवलेलं चिकन निर्दोष. आणि रांगेत चिकन न खाणारेही पोट धरून उभे होते, म्हणजे दोष कस्टर्डमध्येच.

"बरं, त्या संध्याकाळी किल्ली कुणी नेली होती?"

"कुणी नाही हो. साहेब सोडले तर कुणी हात लावत नाही तिला."

"आणि जेवणाच्या वेळी तुमच्या शेजारी कोण होतं?"

"साहेबच. पण त्यांची काय सोबत! त्यांना साखरेचा त्रास, त्यातून शाकाहारी. आमच्यातलं एक शीत घेतलं नाही. घरचा डबा आणि आपली बिनसाखरेच्या दुधाची बाटली. भाषणभर तीच समोर ठेवून घोट घोट घेत होते."

मॅडमनी मान डोलावली आणि त्या निघाल्या. दारापर्यंत गेल्या आणि त्यांना वाटलं की आत्ता आपल्या कानावरून काहीतरी मोठं गेलं. पण काय, ते काही केल्या आठवेना. तेवढ्यात वरून हाक आली. प्लेटा तयार झाल्या होत्या.

४

पातेल्याच्या तळाचं कस्टर्ड: काळे ठिपके, प्लेट गच्च भरलेली. कच्चं चिकन: काळे ठिपके. दोन्हीकडच्या ठिपक्यांवर मॅडमनी ओळख पटवणारं सिरम टाकून बघितलं. दोन्हींची जात एकच. एका घरातले सख्खे भाऊ.

मावशींचे हात स्वच्छ. अंडी स्वच्छ. पाट, डाव स्वच्छ. आणि राखीव वाटी? तीही लख्ख.

मॅडमनी प्लेट खिडकीशी नेली, उलटी केली, सुलटी केली. एकही ठिपका नाही. म्हणजे कस्टर्ड फ्रिजमध्ये गेलं तेव्हा निर्मळ होतं. फ्रिजमधून सभागृहात पोचेपर्यंत त्यात कच्च्या चिकनचा जंतू शिरला होता. पण चिकन खालच्या फळीवर, झाकणात. कस्टर्ड वरच्या फळीवर, झाकणात. पाणी खाली गळतं. चिकनचं पाणी काही शिडी लावून वर चढत नाही!

साहेबांना बातमी लागायला वेळ लागला नाही. "बघा!" ते दारातूनच म्हणाले. आता त्यांना बरंच बरं वाटत होतं, त्यामुळे आवाजही परत आला होता. "वाटी स्वच्छ, म्हणजे नंतर मावशींनीच चिकनचा हात कस्टर्डला लावला. सिद्ध झालं. सोमवारी मांडून टाका."

मॅडम तडक घरी गेल्या. मावशी ओट्यापाशी नुसत्या उभ्या होत्या. त्या दिवसापासून त्यांनी घरीही रांधलं नव्हतं. नवरा कोपऱ्यात पाव चघळत बसला होता. बायकोचा चेहरा बघून "मी यात..." एवढं म्हणाला आणि पाव घेऊन बाहेर गेला.

"आई, तुमची राखीव वाटी स्वच्छ निघाली. तुमच्या कस्टर्डमध्ये काही नव्हतं. रात्रीतून कुणीतरी त्यात घाण घातली."

मावशी गर्रकन वळल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मग का गं घातलीस?"

"मी?"

"नाहीतर कोण? सकाळी झाकण काढलं आणि बघते तर सायीला भोक! माझी साय म्हणजे आरसा असते, एक सुरकुती नसते. आणि तिच्या मधोमध पेन्सिल खुपसल्यासारखं गोल भोक. चव घेणारा माणूस चमचा घालतो गं, तो सायीचा लचका तोडतो. असं भोक पाडून बघतं ते तपासणारं माणूस! मी मनात म्हटलं, बाईनं परत माझं कस्टर्ड बाटलीत भरलं. त्या तुमच्या जंतूंच्या खोलीतल्या हातांनी. रागारागानं ढवळून टाकलं मी सगळं."

"मग हे साहेबांना का नाही सांगितलंत?"

"आणि काय सांगू? माझ्या सुनेनं साऱ्या ऑफिसला आडवं केलं? तुझी नोकरी गेली असती, वर तोंड काळं. माझं काय! कँटीन गेलं तर घरी बसेन."

इतके दिवस सून समजत होती की सासू स्वतःची चूक लपवतेय. आणि सासू जिवाचं रान करून सुनेची चूक लपवत होती! मॅडमना रडू फुटलं. त्यांनी मावशींचे तेच काडी फिरवलेले हात धरले.

"आई, मी नाही हो भोक पाडलं. तुमची शप्पथ."

मावशींनी नाक ओढलं आणि पदरानं आधी सुनेचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

"मग कुठल्या मेल्यानं पाडलं?"

पेन्सिलीएवढं गोल भोक. मॅडमना आधी हिशेबनिसांच्या कानामागची पेन्सिल आठवली. मग जेवणाच्या वेळी त्यांच्या शेजारी बसलेला माणूस आठवला. कशालाही हात न लावणारा, घरच्या बाटलीतलं दूध पिणारा. आणि दारात निसटलेलं ते मोठं काहीतरी लख्खकन हातात आलं.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. आवाज लोण्यासारखा मऊ.

"साहेब, एक मेहेरबानी कराल? उबेच्या कपाटाचा आकडा बरोबर आहे की नाही, शंका येतेय. तुमच्या टोचणीएवढं अचूक यंत्र इथे दुसरं नाही."

साहेब फुलून गेले. "घ्या ना! मात्र टोपण हरवू नका."

"टोपण तर मी जिवापाड जपेन," मॅडम म्हणाल्या.

५

सोमवारी समिती जमली. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, साहेब मधोमध. मावशी दाराजवळच्या खुर्चीत, साडी कडक इस्त्रीची, पर्स मांडीवर घट्ट धरलेली. हिशेबनीस लिहायला. रांगेतली सगळी मंडळी भिंतीला टेकून उभी.

"मॅडम, थोडक्यात सांगा," साहेब म्हणाले. मागून कुणीतरी खोकलं.

मॅडमनी प्लेटा मांडल्या. हे पातेल्यातलं कस्टर्ड, हे चिकन, जात एक. या मावशींच्या हातांच्या, या पाटाच्या, या राखीव वाटीच्या, सगळ्या स्वच्छ. "आता प्रश्न असा, की खालच्या फळीवरचा जंतू वरच्या फळीवर गेला कसा? त्याला पाय नाहीत. त्याला कुणीतरी उचलून नेलं. त्यानं जाता जाता सायीला पेन्सिलीएवढं भोक पाडलं."

"पेन्सिल!" साहेब हिशेबनिसांकडे वळले. हिशेबनिसांनी घाबरून पेन्सिल तोंडात धरली.

"पेन्सिल नाही, साहेब. मला तुमच्याकडून तीन गोष्टी कळल्या. मी तुमची ऋणी आहे."

"माझ्याकडून?"

"पहिली म्हणजे, तुम्ही आजारी पडलात. सगळे कस्टर्ड खाऊन पडले. तुम्ही कस्टर्ड खाल्लं नाहीत, चिकन खाल्लं नाहीत, आमच्यातलं शीतही नाही. मग तुम्हाला काय झालं?"

"मला... जबाबदारीचा ताण येतो पोटावर."

"घरी बाकीच्यांना काही झालं?"

"नाही. पण त्याचा काय..."

"दूध घरचं, तरी घरचे ठणठणीत. म्हणजे त्या दुधात जे गेलं ते इथे गेलं. भाषणाआधी तुम्ही त्या बाटलीचं तापमान बघितलंत, हो ना?"

"अर्थात! मी नेहमीच..." साहेब थांबले.

"दुसरी गोष्ट. तुम्ही मला म्हणालात, चिकन तीन अंशांवर, कस्टर्ड चार अंशांवर. साहेब, फ्रिजच्या दारावर आकडा एकच असतो. तुम्ही दोन सांगितलेत. दोन पदार्थांचे दोन आकडे कळायला दोन्हींत काहीतरी खुपसावं लागतं. आणि तुम्ही ज्या क्रमानं सांगितलंत त्याच क्रमानं खुपसलंत. आधी चिकन, मग कस्टर्ड."

हिशेबनिसांच्या तोंडातली पेन्सिल खाली पडली.

"पण मी पुसली होती!" साहेब म्हणाले. "दर वेळी पुसतो. नियमच आहे तसा. मीच केलाय!"

"कशानं पुसलीत?"

साहेबांचा हात आपोआप खिशाकडे गेला आणि रुमालाचं टोक बाहेर आलं. ते त्यांनी पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं.

"आणि ही तिसरी गोष्ट." मॅडमनी झाकून ठेवलेली प्लेट उघडी केली. लाल प्लेटवर काळे डोळे टकमक बघत होते. "तुमच्या टोपणाच्या आतून घेतलेला बोळा. जात तीच. सुई रुमालाला पुसून पुन्हा त्याच टोपणात जात होती, आणि तिथून बाहेर पडून पुढच्या ग्लासात."

भिंतीला टेकलेले ज्येष्ठ गृहस्थ हळूच म्हणाले, "कुंपणानंच शेत खाल्लं की हो."

"कस्टर्डमध्ये गेलेले जंतू मूठभरही नव्हते," मॅडम म्हणाल्या. "गार राहिले असते तर फार काही झालं नसतं. पण सभागृहातल्या उबेत त्यांना वाढायला भरपूर वेळ मिळाला."

"कसा काय?" समितीतल्या एका बाईंनी विचारलं. त्या बाहेरून आल्या होत्या, त्यांना बिचाऱ्यांना माहीत नव्हतं.

सगळे साहेबांकडे बघायला लागले.

"भाषण," साहेब स्वतःच म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की मॅडमना त्यांची दयाच आली. "विषय होता, अन्नाची स्वच्छता."

आधी दूध विभागातला एक फिसकन हसला. मग तेल विभागातली. मग पोट धरून सगळी खोली हसायला लागली, आणि या वेळी पोट धरायचं कारण वेगळं होतं. साहेब लालबुंद झाले. वाटलं की आता भडकणार. पण माणूस टोचणीइतकाच सरळ होता. मॅडमनी परत दिलेली टोचणी त्यांनी खिशातून काढून टेबलावर ठेवली, उठले आणि दाराजवळच्या खुर्चीपाशी गेले.

"मावशी, चूक माझी होती आणि नाव तुमचं घेतलं. मला माफ करा. फलकावर मीच लावतो तसं, माझ्या सहीनं."

मावशींनी पर्सवरची मूठ सैल केली. "फलकाचं बघा तुम्ही. माझं एकच म्हणणं आहे, साहेब. यापुढे आधी जेवण, मग भाषण."

हिशेबनिसांनी ते ठराव म्हणून लिहूनही घेतलं.

६

कँटीन उघडलं त्या दिवशी मावशींनी मुद्दाम कस्टर्ड केलं. पातेलं मधोमध ठेवलं, झाकण काढलं. साय आरशासारखी. सगळे आले, बघून गेले, छान छान म्हणाले आणि चहा घेऊन लांबच्या टेबलांवर जाऊन बसले. साहेबही आले. हात सवयीनं खिशाकडे गेला, तो त्यांनी पाठीमागे बांधून घेतला. कस्टर्डजवळ मात्र एक माणूस फिरकेना.

मावशी डाव हातात धरून उभ्या होत्या. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण दारातून कुणी आत आलं की डाव आपोआप पातेल्याकडे वळत होता. समितीनं सोडलं म्हणून माणसांची मनं सोडतातच असं नाही, हे मॅडमना दिसत होतं. कागदावर नाव धुऊन निघालं तरी त्या पातेल्यात अजून कुणाचा हात गेला नव्हता.

त्या उठल्या. सगळ्यांच्या देखत पातेल्यापाशी गेल्या आणि वाटी पुढे केली.

मावशींनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "तपासायचंय का?"

"नाही. खायचंय."

"बाटली आणली असशील."

"चमचा आणलाय."

डाव सायीत गेला. मॅडमनी तिथेच, उभ्या उभ्या, पहिला चमचा तोंडात घातला. लांबच्या टेबलांवर चहाचे कप हवेत थांबले. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि हे आज पहिल्यांदा, असा विचार मॅडमच्या मनात आला. त्यांनी लगेच दुसरा चमचा घेतला.

"कसं झालंय?" मावशींनी विचारलं. सहज विचारल्यासारखं दाखवायचा प्रयत्न होता, पण तो जमला नाही.

मॅडमनी वाटी खरवडून रिकामी केली.

"जरा जास्तच गोड आहे."

"तुला कुणी विचारलं होतं गं?"

"तुम्हीच."

मावशी खळखळून हसल्या. कितीतरी दिवसांनी तो आवाज जिन्यापर्यंत गेला. लांबच्या टेबलावरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हिशेबनीस वाटी घेऊन उठले होते, त्यांच्या मागे ज्येष्ठ, त्यांच्यामागे दूध विभागातले दोघं. बघता बघता पातेल्यापासून पार दारापर्यंत रांग लागली.

मावशींनी त्या रांगेकडे पाहिलंही नाही. त्यांनी सुनेच्या रिकाम्या वाटीत न विचारता आणखी एक डाव वाढला.